घरचे दोन आठ, बाहेरचे दोन अकरा

मैदानावर तिला सगळे 'घरची वाघीण' म्हणायचे. ऐकायला कौतुक वाटतं, पण त्यातली खोच तिला पहिल्या दिवसापासून कळत होती. घरच्या मैदानावर ती आठशे मीटर दोन मिनिटं आठ सेकंदांत पळायची. तेच आठशे मीटर बाहेरगावी गेलं की दोन अकरा, दोन साडेअकरा, आणि एकदा तर चक्क दोन बारा. पाय तेच, बूट तेच, पोटात गेलेला चहासुद्धा तोच. मग हे तीन सेकंद जायचे कुठे? ज्याला त्याला उत्तर तोंडपाठ होतं. पोरगी घाबरते, दुसरं काय!

आणि हवे होते किती? दोन दहा. परिवहन खात्याच्या संघात खेळाडू म्हणून कायमची नोकरी पाहिजे असेल तर निवड चाचणीत दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत यायचं, एवढी एकच अट. घरी ती रोज दोन सेकंद राखून पास व्हायची आणि बाहेर दरवर्षी दीड सेकंदाने नापास. वयाची मर्यादा होती सत्तावीस, आणि ती सत्तावीस पुरी करायच्या बेतात होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला माहीत होतं, घरच्यांना माहीत होतं, आणि आई बोलकी असल्यामुळे बिल्डिंगमधल्या चारही मजल्यांना माहीत होतं.

पळून झालं की ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जायची. सकाळी सात ते दुपारी तीन, रक्ताच्या नळ्यांवर नावाची लेबलं चिकटवायची. एक लेबल चुकलं तर कुणाची साखर कुणाच्या नावावर जायची, म्हणून प्रत्येक नळी दोनदा बघायची तिला सवय. काम वाईट नव्हतं, पण तिथे कायम कुणी होत नसे. डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी म्हणायच्या, "बघू या हं." आणि मग बघणं तसंच राहून जायचं.

तिचे वडील त्याच मैदानाचे राखणदार. पोरं त्यांना फक्कीकाका म्हणायची, कारण मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, म्हणजे फक्की, मारायचं काम त्यांचं. मातीचं मैदान ते, पावसाळ्यात सगळं धुऊन जायचं. पाऊस सरला की काका खुंट्या, सुतळी आणि पन्नास मीटरची कापडी टेप घेऊन बसायचे आणि चारशे मीटरचा अख्खा ट्रॅक नव्याने आखायचे. रेघ अशी की जाणारा-येणारा दोन मिनिटं थांबून बघेल. पोरीला वेळ लावायचं कामही त्यांचंच. गळ्यात स्टॉपवॉच आणि चेहरा दगडासारखा. ती धापा टाकत विचारायची, "किती, बाबा?" आणि ते म्हणायचे, "दोन आठ. आता हेच तिकडे करून दाखव."

तिकडे! तिकडे शर्यतीच्या आदल्या दिवसापासून तिला घास जायचा नाही. शर्यतीआधी अर्धा तास ती बाथरूममध्ये जाऊन ओकायची. हे एकदा नाही, दोनदा नाही, बारा वर्षं. आईने लिंबू चोखायला दिलं, डॉक्टरीणबाईंनी श्वास मोजायला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मावशींनी तर सांगितलं की समोरच्या मुलींना कोबीचे गड्डे समज. तिने समजून पाहिलं. कोबीचे गड्डे तिच्या पुढे पळून गेले.

बरं, हा आजार तिच्या एकटीचा नव्हता. त्या मैदानावरची सगळीच पोरं घरी शेर आणि बाहेर गेली की गळपटायची. क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरींना ते इतकं लागलं की त्यांनी 'मनोबल कसं वाढवावं' यावर एका वक्त्याचं व्याख्यान ठेवलं. वक्ते म्हणाले, डोळे मिटा आणि स्वतःला जिंकताना बघा. शंभर मीटर पळणारा मुलगा तिथेच झोपी गेला. बाहेरगावचे खेळाडू मात्र इथे आले की खूश असायचे. म्हणायचे, "तुमची माती पळवते बुवा!" आणि फक्कीकाकांची छाती फुगायची. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. माणूस स्वतःच्या पोरीला भित्री ठरवेल, पण मैदानावर शंका घेणार नाही, आता बोला.

मग ती बातमी आली. ज्या स्टेडियमवर दरवर्षी निवड चाचणी व्हायची, तिथला ट्रॅक दुरुस्तीसाठी खणून ठेवला होता. यंदाची चाचणी इथे, फक्कीकाकांच्या मैदानावर होणार. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन सांगून गेले. आईने त्यांना दोनदा चहा पाजला. "आता कसली भीती? अंगणातच पळायचंय!" ते म्हणाले. तिलाही वाटलं, सुटले. त्या आठवड्यात ती लॅबमध्ये गुणगुणत लेबलं लावत होती.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंना नवीन काउंटर करून घ्यायची हुक्की आली. सुताराला भिंतीचं माप पाहिजे होतं. हिने पुढे होऊन सांगितलं, "आमच्याकडे टेप आहे, मी घेते माप." बाबांची टेप आणली, पितळी कडी एका कोपऱ्यात खिळ्याला अडकवली, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणली. सहा मीटर वीस. कागदावर लिहून दिलं. चार दिवसांनी सुतार काउंटरची फळी घेऊन आला, ती भिंतीला लावली, आणि फळी मीटरभर दाराबाहेर.

"काय ताई," सुतार म्हणाला, "भिंत धुतली होती का? आटली वाटतं."

त्याने आपली पोलादी टेप काढून मोजलं. पाच मीटर वीस. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते बोलल्या. तिला मात्र चैन पडेना. दोनदा बघायची सवय असलेली बाई ती, एवढी कशी चुकेल? सगळे जेवायला गेल्यावर तिने बाबांची टेप पुन्हा लावली. पुन्हा सहा वीसच. मग तिने टेपचं शेवटचं टोक सोडलं आणि सुरुवातीकडे गेली. पितळी कडी. कडीजवळ काळ्या दोऱ्याची घट्ट, बारीक शिवण. आणि शिवणीला लागून पहिला आकडा, एकशे एक.

ती तिथेच लादीवर बसली. तिला आठवलं. ती अकरा वर्षांची असताना गवत कापायच्या मशीनमध्ये टेपचं टोक गेलं होतं. कापडाच्या चिंध्या झाल्या, कडी तेवढी गवतात सापडली. आईने ती कडी उरलेल्या टोकाला शिवून दिली होती, अशी पक्की की बाबा म्हणाले, नवीपेक्षा बरी झाली. टेप कुठे संपते ते सगळे वाकून बघतात, सुरू कुठून होते ते कोण बघतंय! पहिला मीटर गेला तो गेलाच, आणि त्यानंतर सोळा वर्षं बाबा त्याच टेपने मैदान आखत होते.

तिने एका फुकट गेलेल्या लेबलच्या कागदामागे हिशेब मांडला. सरळ बाजूला टेप दोनदा लागते, म्हणजे दोन मीटर कमी. दोन बाजूंचे चार. वळणाची त्रिज्या एका मीटरने कमी, म्हणजे दोन्ही वळणं मिळून सहा मीटरहून जास्त. एका फेरीत दहा मीटर. आठशेला फेऱ्या दोन. वीस मीटर. वीस मीटर पळायला तिला किती लागतात? तिने तीनदा भागाकार केला. तीन सेकंद आणि वर थोडे.

तिला आधी हसू आलं. मोठ्याने, वेड्यासारखं. अगं, तू घाबरट नव्हतीसच! मैदान आखूड होतं! आणि ते हसू पुरतं बाहेर पडायच्या आत दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे दोन आठ कधी नव्हतेच. भीती गेली की दिसतील म्हणून जपून ठेवलेले ते तीन सेकंद कुठेही नव्हते. ती दोन अकराची धावपटू होती. बारा वर्षं तिने जीव तोडून जे बाहेर पळून दाखवलं होतं, तेच तिचं खरं होतं.

आणि तिसरी गोष्ट. चाचणी अठरा दिवसांवर आली होती, आणि ती याच मैदानावर होणार होती.

त्यानंतरचे दहा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. चूप बसलं तर दोन आठ येणार, नोकरी मिळणार. बोललं तर सगळं संपलं, आणि वर बाबांची नाचक्की, तीही निवृत्तीला चार महिने उरलेले असताना. रात्री झोप नाही, ताटात मन नाही. लॅबमध्ये नळी हातात धरून ती नुसती बघत राहायची. आई म्हणाली, "अगं, घरच्या मैदानावर काय टेन्शन घ्यायचं?" आठव्या दिवशी पहाटे सरावाआधी ती घरच्या मैदानामागे जाऊन ओकली. आयुष्यात पहिल्यांदा. तोंड पुसताना तिला वाटलं, घ्या, आता भीतीसुद्धा घरी राहायला आली.

शेवटी दहाव्या दिवशी दुपारी ती मैदानावरच्या स्टोअररूममध्ये गेली. चुन्याच्या गोण्या, मोडकी हर्डल्स, दोरांची भेंडोळी. बाबा खाली बसून चुना चाळत होते. बाजूला फळीवर मैदानाच्या मापाचं प्रमाणपत्र होतं. ते भरून, सही करून मंडळाकडे द्यायचं होतं. सहीची जागा अजून कोरीच होती.

"बाबा," ती म्हणाली, "आपली टेप एक मीटर आखूड आहे."

बाबा चाळतच राहिले. चाळणी तशीच हलत होती. मग म्हणाले, "माहीत आहे."

तिला वाटलं आपण काही चुकीचं ऐकलं. "माहीत आहे म्हणजे? कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. फुटबॉलचे नवे खांब बसवायला कंत्राटदार आला होता. त्याची टेप आणि आपली जुळेना. तेव्हा पाहिलं."

"आणि गप्प बसलात?"

बाबांनी चाळणी खाली ठेवली. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. "काय सांगू तुला? लोक म्हणतात पोर घाबरते. म्हटलं, म्हणू देत. भीती काय, जाते कधीतरी माणसाची. पण तुझे पायच तेवढे आहेत असं सांगितलं असतं तर? दुसऱ्या दिवशी बूट टाकून दिले असतेस तू."

"मी बारा वर्षं ओकतेय, बाबा!" ती ओरडली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बारा वर्षं! त्यातलं दीड वर्ष तुम्ही बघत होतात. तिकडून आले की विचारायचात, काय झालं गं तुला. मला विचारायचात!"

बाबांनी हातांवरचा चुना झटकला. मग ते अगदी हळू म्हणाले, "या वेळी चाचणी इथे आहे. मी सही करतो. एवढं एकदा मैदान आपल्या बाजूने आहे, तर असू दे. नंतर मी निवृत्त होतो, नवा माणूस येईल, तो आखेल नीट."

खोटं कशाला सांगा, तिला मोह झाला. चांगलाच झाला. दाराला पाठ टेकून ती उभी राहिली आणि तिने मनातल्या मनात नोकरीचा पहिला दिवस पाहिला. नवा गणवेश. मग सराव. आणि पहिल्याच सरावात, खऱ्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर, दोन अकरा. तिथले सर म्हणणार, काय झालं, घाबरलीस का? आणि तिला 'हो' म्हणावं लागणार. रोज. पगार घेऊन, निवृत्त होईपर्यंत, घाबरले म्हणत राहावं लागणार.

"नको," ती म्हणाली. "मैदान नीट आखा. उद्यापासून मी येते मदतीला. पण कुणाला काही सांगायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणू, चाचणी आहे म्हणून नव्याने आखलं."

"आणि तुझे दोन दहा?"

"बघू," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंसारखं बोलले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

सुताराची पोलादी टेप दोन दिवसांसाठी मागून आणली. तो म्हणाला, "आता कुणाची भिंत?" ती नुसती हसली. दोन पहाटे बाप-लेक मिळून मैदान मोजत होते. ती एक टोक धरायची, ते दुसरं. कामापुरतं बोलणं. "ताण." "सोड." "एक बोट इकडे." नवी रेघ जुनीच्या बाहेरून जाऊ लागली, वळणावर तर पुरं मीटरभर. जुन्या रेघा तिने खराट्याने घासून काढल्या. तिथे ती किती हजार फेऱ्या पळाली होती! घासताना तिला रडू आलं आणि ते तिने चुन्याच्या नावावर खपवलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी प्रमाणपत्रावर सही केली. ती सही खरी होती.

उरलेले दिवस तिने फक्त एक सेकंद शोधला. कुठे सापडेल तिथे. पहिल्या वळणावर घाई करायची नाही, दुसऱ्या फेरीत दोनशे मीटर आधीच निघायचं, खांदे खाली. बाबा वेळ लावायचे आणि सांगायचे नाहीत. तीही विचारायची नाही. दोघांचा जीव टांगणीला.

चाचणीच्या दिवशी ती उठली. ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली. पाच मिनिटं. काही झालं नाही. तिला इतकं नवल वाटलं की आईने दार ठोठावेपर्यंत ती तिथेच उभी होती.

मैदान भरलं होतं. सकाळपासून घरच्या पोरांच्या शर्यतींत वेळा घसरलेल्या, सेक्रेटरी हातात माइक घेऊन कपाळाला आठ्या घालून फिरत होते. मग आठशेची वेळ आली. सात मुली. पिस्तूल वाजलं. पहिली फेरी ती चौथी होती, एक मिनिट तीन सेकंद, ठरवलं होतं तेवढंच. घंटा वाजली. मागच्या सरळ बाजूला तिने दोघींना गाठलं. शेवटच्या वळणावर पायांत शिसं भरलं, पण डोकं स्वच्छ होतं, असं स्वच्छ की आईचा ओरडा तिला वेगळा ऐकू येत होता. तिच्या पुढे एक पाठ होती आणि ती पाठ काही केल्या जवळ येईना. ती दुसरी आली आणि गवतावर आडवी पडली.

दोन मिनिटं दहा पूर्णांक चार.

आयुष्यातली तिची सर्वांत चांगली वेळ होती ती. आणि ती चार दशांशांनी कमी पडली होती. पापणी लवते ना, साधारण तेवढा वेळ. तिला सगळं एकदम कळलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

माइक खरखरला. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, पण त्यांना तोंडावर ताबा नव्हता, आणि सकाळपासून ते वैतागलेले. "अरेरे," ते हसत म्हणाले, "आमच्या घरच्या वाघिणीचे आज घरातही पाय गळाले! आता हिला पळवायचं तरी कुठे?" लोक हसले. फार नाही, पण हसले. आईने तोंडाला पदर लावला.

तिने डोळे उघडले तेव्हा बाबा टेबलाकडे निघाले होते. हातात फक्कीचा डबा तसाच. तिला कळलं ते काय करणार आहेत. उठून अडवावं म्हणून तिने हात टेकले, पण पाय उठेनात.

बाबांनी माइक मागितला नाही, सेक्रेटरींच्या हातातून सरळ काढून घेतला. बोलायची सवय नाही, त्यामुळे पहिले दोन शब्द नुसते हवेतच गेले.

"मैदान आखूड होतं," ते म्हणाले. "सोळा वर्षं. फेरीला दहा मीटर. माझी टेप चुकीची होती. मला दीड वर्षापासून ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. आता नीट आखलंय. ते हिने आखायला लावलं. तिला माहीत होतं की मग नोकरी जाईल, तरी लावलं." त्यांना धाप लागली. "माझी पोर कधीच घाबरत नव्हती. घाबरत मी होतो. तिला भित्री म्हणू नका कुणी."

मैदानावर एकदम गलका. एका पोराच्या बापाने ओरडून विचारलं, "म्हणजे आमच्या पोराची दोन मिनिटं खोटी?" प्यायचं पाणी वाटणारा जुना चॅम्पियन, ज्याने स्वतःची वेळ दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली होती, तो हातातला जग ठेवून निघून गेला आणि नंतर वर्षभर बाबांशी बोलला नाही. सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. चौकशी होणार, निवृत्तीचे कागद अडकणार, हे त्या क्षणी सगळ्यांना दिसत होतं, बाबांना तर सगळ्यांत आधी.

ती कशीबशी उठली. चालत टेबलापाशी गेली. बाबांच्या हातातला माइक काढून तिने सेक्रेटरींसमोर ठेवला. ती रडत होती आणि लपवत नव्हती.

"कशाला बोललात?" ती म्हणाली. "मी सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"लोक हसले तुला," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. बाबांना कुठे बघावं ते कळेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिच्या निळ्या बनियनवर पाच पांढरी बोटं उठली.

"चला घरी," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"मुलांची पंधराशेची शर्यत राहिलीये," बाबा म्हणाले. "दुसऱ्या वळणावर रेघ पुसली गेलीये. आठ जण पळणार आहेत, कुणीतरी आत शिरेल."

ते डबा घेऊन वळणाकडे निघाले. लोक बाजूला होत होते. ती दोन पावलं मागे राहिली, मग भरभर चालत त्यांच्याजवळ गेली आणि डब्याच्या कडीला दुसऱ्या बाजूने हात लावला.